सोबत : वरीलप्रमाणे

भोपाळच्या अरेरा टेकडीवर वल्लभ भवन आहे, म्हणजे मध्य प्रदेशाचं मंत्रालय. त्याच्या समोर सातपुडा भवन. १२ जून २०२३ च्या दुपारी सातपुडा भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर आदिवासी विभागाच्या कार्यालयात आग लागली आणि ती थेट सहाव्या मजल्यापर्यंत चढली. आरोग्य संचालनालयाच्या हजारो फायली जळाल्या. आग रात्रभर धुमसत होती. मुख्यमंत्र्यांना हवाई दलाकडे मदत मागावी लागली. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. त्यामुळे नेमक्या कोणत्या फायली जळाल्या आणि त्या जळणं कुणाच्या सोयीचं होतं, यावर न्यू मार्केटपासून बैरागढपर्यंत तावातावाने बोललं गेलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. राज्यातल्या ४१३ नगरीय संस्थांचं काम या पोर्टलशी बांधलेलं होतं : घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले. ते अडलं. या वेळी धूर नव्हता, बंब नव्हते, फोटो काढण्याजोगं काही नव्हतं, म्हणून चर्चाही बेताचीच झाली. मला मात्र ही दोन्ही संकटं एकाच जातीची वाटतात. दोन्हींत सरकारदरबारची नोंद हातची जाते. कागद जळतो म्हणून आपण तो संगणकात नेला, आणि संगणकातल्या कागदाला दुसऱ्याच कुणीतरी कुलूप घातलं.

मुंबईने हा क्रम भोपाळच्या आधीच अनुभवला होता. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले खाक झाले, माणसं गेली. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने ई-ऑफिसचा धडाका लावला. फायली स्कॅन झाल्या, टिपणी पडद्यावर लिहिली जाऊ लागली. आणि चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, त्याच मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतल्या सुमारे दीडशे संगणकांना 'लॉकी' नावाच्या रॅन्समवेअरने गाठलं. लॉकी जगभर पसरलं ते मुख्यतः ई-मेलच्या अटॅचमेंटमधून.

लॉकीची तऱ्हा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे आलेल्या बऱ्याच जणांनी तिचीच नक्कल केली. मेल यायचा तो बिलाचा. सोबत वर्डची फाइल. फाइल उघडली की आत निरर्थक अक्षरांचा पसारा दिसायचा आणि वर एक सूचना असायची : मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा. मॅक्रो म्हणजे वर्ड-एक्सेलच्या फाइलमध्ये लपलेला छोटा प्रोग्रॅम. माणूस पिवळ्या पट्टीवरचं 'इनेबल कंटेंट' दाबायचा. मजकूर काही नीट दिसायचा नाही. मॅक्रो मात्र मागच्या मागे इंटरनेटवरून खरं रॅन्समवेअर उतरवून घ्यायचा. मग दस्तऐवज, फोटो, तक्ते एकेक करून कूटबद्ध व्हायचे आणि त्यांच्या नावापुढे 'डॉट लॉकी' लागायचं. विंडोज आपल्यापाशी फायलींच्या ज्या जुन्या प्रती ठेवतं त्या पुसल्या जायच्या. ऑफिसच्या नेटवर्कवरचे सामायिक फोल्डरही सुटायचे नाहीत. शेवटी पडद्यावर बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी.

आता हाच मेल भोपाळच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या कचेरीत आला असं धरा. तिथल्या माणसाला फाइलमधली निरर्थक अक्षरं पाहून शंका यावी अशी आपली अपेक्षा आहे. पण त्याची उभी नोकरी असली अक्षरं पाहण्यात गेलेली असते! मध्य प्रदेशात कृतिदेव, महाराष्ट्रात श्री-लिपी नाहीतर सुरेख. फॉन्ट नसला की देवनागरी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मग शेजारच्या टेबलावर विचारायचं, फॉन्ट मागवायचा, कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणलेला 'कन्व्हर्टर' चालवायचा, जे बटण दाबायला सांगितलं जाईल ते दाबायचं. 'मजकूर दिसत नसेल तर अमुक करा' ही सूचना आपल्याकडच्या कारकुनाला परकी नाही, ती त्याच्या कामाचा भाग आहे. युनिकोड सक्तीचं करण्याचे आदेश भाषेच्या प्रेमापोटी निघतात. ते संगणकाच्या सुरक्षेसाठीही तितकेच गरजेचे आहेत, हे मी तरी कुठल्या परिपत्रकात वाचलेलं नाही.

अटॅचमेंटचा इतिहास काढायचा तर मॅनिलापर्यंत जावं लागतं. ४ मे २००० ला फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' असा विषय लिहिलेला मेल सुटला. सोबतच्या फाइलचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. विंडोज तेव्हाही आणि आजही, आपण सांगितल्याशिवाय, फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट दाखवत नाही. त्यामुळे लोकांना दिसलं ते 'डॉट टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्रॅम होता. तो फायली खराब करायचा आणि आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवायचा. ब्रिटिश संसदेला आपली मेलव्यवस्था बंद ठेवावी लागली. तो लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मॅनिलातला विद्यार्थी. दुसऱ्यांचे इंटरनेटचे पासवर्ड मिळवण्यासाठी आपण हे केलं, असं त्याने वीस वर्षांनी कबूल केलं. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही, कारण त्या देशात तेव्हा असा कायदा नव्हता. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला. त्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली आज अशा कृत्याला शिक्षा होऊ शकते. आरोपी हाती लागला तर.

सायबर सुरक्षेच्या कुठल्याही व्याख्यानात पहिलं वाक्य ठरलेलं : अनोळखी व्यक्तीकडून आलेली अटॅचमेंट उघडू नका. हे वाक्य घरी बसलेल्या आजोबांना ठीक आहे. नोकरदाराला ते निरुपयोगी आहे, कारण अनोळखी व्यक्तीची अटॅचमेंट उघडण्याचाच त्याला पगार मिळतो. आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी अर्ज उघडायचे नाहीत? लेखा विभागाने बिलं उघडायची नाहीत? भरती करणाऱ्याने बायोडेटा वाचायचा नाही? बांगलादेश बँकेच्या दरोड्याची सुरुवात बायोडेटानेच झाली. २०१५ च्या जानेवारीत 'रासेल अहलाम' या नावाने एका होतकरू उमेदवाराचे नम्र मेल बँकेतल्या कर्मचाऱ्यांना आले. बायोडेटासाठी झिप फाइल. अमेरिकी तपासयंत्रणेने नंतर न्यायालयात मांडलं की हा माणूसच अस्तित्वात नव्हता, आणि ती फाइल बँकेतल्या निदान एकाने तरी उघडली होती. घुसलेले लोक वर्षभर आत दबा धरून बसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी जवळपास एक अब्ज डॉलर हलवण्याचा प्रयत्न केला. ८ कोटी १० लाख डॉलर मॅनिलाच्या एका बँकशाखेतून गायब झाले. अमेरिकेने बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअरच्या मदतीने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात त्या चोरीचा धागाही उत्तर कोरियाशीच जोडला. गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेला प्याँगयांगचं भय बाळगावं लागेल, असं आपल्या सहकारमहर्षींच्या स्वप्नातही आलं नसेल.

बरं, ओळखीच्या माणसाचा मेल तरी बिनधास्त उघडावा का? पुण्यात दाखल झालेल्या भीमा कोरेगाव प्रकरणातला एक भाग या संदर्भात वाचावा, मग राजकीय मत कोणतंही असो. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेला तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल उघड झाला. त्यानुसार १३ जून २०१६ ला विल्सन यांना सहआरोपी वरवरा राव यांच्या मेल-खात्यावरून मेल आले. पाठवणारा राव यांचं खातं वापरणारा दुसराच कुणी होता. एक दस्तऐवज उघडून पाहण्याचा आग्रह त्यात वारंवार होता. विल्सन यांनी तो उघडला आणि 'नेटवायर' नावाचं दुरून संगणक चालवणारं मालवेअर आत शिरलं. पुढचे सुमारे बावीस महिने घुसखोर आत होता, आणि ज्या पत्रांवर खटल्याचा मोठा भार आहे ती त्याने एका दडवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली, असं अहवाल म्हणतो. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही : विल्सन यांच्या लॅपटॉपवर वर्ड २००७ होतं, आणि त्या पत्रांपैकी काही वर्डच्या त्याहून नव्या आवृत्तीतून तयार झालेली होती. तपासयंत्रणेने हा अहवाल मान्य केलेला नाही आणि खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. विल्सन यांना जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडला.

तात्पर्य काय, मेलवरचं नाव पाहून विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. ओळखीच्या खात्यावरून आलेला, पण अनपेक्षित आणि आग्रही मेल असेल तर फोन उचलावा आणि विचारावं, 'तुम्ही पाठवलंय का?' मेललाच उत्तर देऊन विचारू नये. उत्तर देणारा घुसखोरच असू शकतो. आपल्याकडे यात अडचण हुद्द्याची आहे. साहेबांच्या नावाने मेल आला तर साहेबांना फोन करून 'हा तुमचाच ना?' विचारायची हिंमत कुणाची? जुन्या मध्य प्रदेशाची नागपूरची राजधानी १९५६ साली मोडली तेव्हा तिथून भोपाळला आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांनी नोटिंग-ड्राफ्टिंगची शिस्त आणली, त्याचबरोबर साहेबाच्या शेऱ्यावर प्रश्न न विचारण्याची शिस्तही आणली असणार. हल्लेखोरांना ती पुरेपूर माहीत आहे. म्हणून मेलमध्ये 'तातडीचे', 'आज दुपारी ३ पर्यंत', 'मा. सचिवांच्या निर्देशानुसार' असतंच.

अशा फायली पकडणारं एक मोठं ठाणं पुण्यात आहे. रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. धाकटे बंधू संजय संगणक शिकले आणि १९९० च्या दशकात, फ्लॉपीवरून व्हायरस फिरायचे त्या काळात, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनसाठी स्वतःच उतारा लिहू लागले. त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. तिच्याच सेक्राइट विभागाच्या प्रयोगशाळेने एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर एक इशारा दिला. हल्ल्याला काही दिवसही झाले नव्हते, तोच 'पहलगाम हल्ल्याचा अहवाल' अशा नावाच्या पीडीएफ आणि पॉवरपॉइंट फायली सरकारी व संरक्षण खात्यातल्या लोकांना येऊ लागल्या होत्या. पॉवरपॉइंटच्या पोटात मॅक्रो, आणि मॅक्रोच्या पोटात 'क्रिमसन रॅट' हे दुरून संगणक चालवणारं मालवेअर. पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या 'ट्रान्सपरंट ट्राइब' या टोळीचं हे जुनं हत्यार. देश सुन्न असताना त्या सुन्नपणाचाच विषय करून मेल पाठवणारे लोक आहेत, याची नोंद घ्यावी.

मग करायचं काय? माझं मत असं की माणसाच्या नजरेवर भिस्त ठेवू नये. दिवसाला शंभर मेल उघडणारा माणूस एकदा तरी चुकणारच. ती चूक संगणकाने पचवली पाहिजे, आणि तशी व्यवस्था फुकटात होते.

पहिलं काम फाइलचं शेपूट उघड करण्याचं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू केलं की 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आपलं खरं रूप दाखवतं. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ अशा शेपटाची फाइल बिल म्हणून आली तर ते बिल नाही. जेएस आणि व्हीबीएस फायली दुहेरी क्लिकवर नोटपॅडमध्ये उघडतील अशी जोडणीही करून ठेवता येते. मग घातक फाइल उघडली तरी चालत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

दुसरं, रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावरून करू नये. घरचा संगणक विकत आणताना दुकानदार जे एकमेव खातं उघडून देतो ते अ‍ॅडमिनचं असतं, आणि मग आजी-आजोबांपासून नातवापर्यंत सगळे संगणकाचे मालक. साधं खातं वेगळं काढावं. मालवेअर आलंच तर त्या खात्यापुरता त्रास देईल, अख्ख्या यंत्राचा ताबा घेणं त्याला अवघड जाईल.

मॅक्रोंचा प्रश्न मायक्रोसॉफ्टने उशिरा का होईना, सोडवला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक न दिसणारा शिक्का मारतं. असा शिक्का असलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ पासून ऑफिसच्या नव्या आवृत्त्या आपणहून अडवतात. पण हे नव्या, अधिकृत आवृत्त्यांपुरतं. भोपाळच्या एम. पी. नगरातून काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून काय, 'सगळं टाकून देतो' म्हणत क्रॅक केलेलं ऑफिस घेतलेल्याला हे संरक्षण मिळेलच असं नाही. उलट तो क्रॅकच अनेकदा मालवेअर असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्याही सर्वसाधारणपणे थांबल्या आहेत. जुन्या यंत्रावर तेच रेटत असाल तर सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ घ्या, नाहीतर त्या यंत्रावर मेल उघडणं थांबवा. मॅक्रो अडल्यावर हल्लेखोर गप्प बसले नाहीत. त्यांनी आयएसओ, शॉर्टकट आणि वननोटच्या फायली पाठवायला सुरुवात केली, आणि पासवर्ड लावलेल्या झिप. झिपला पासवर्ड का? तर मेल-कंपनीचा तपासनीस आत डोकावू शकू नये म्हणून. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो. आपल्या बँकाही स्टेटमेंटला पासवर्ड लावतात, म्हणून पासवर्ड दिसला की आपल्याला उगाच भरवसा वाटतो. फरक असा की बँक तो मेलमध्ये लिहीत नाही. तुमच्या नावातून, जन्मतारखेतून तो तुम्हालाच जुळवायला लावते.

बायोडेटा, निमंत्रण, निविदा असलं काही नुसतं वाचायचं असेल तर फाइल उतरवूच नये. जीमेलच्या प्रिव्ह्यूमध्ये पाहावी. तिथे ती तुमच्या संगणकावर चालत नाही.

आणि बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर किंवा ऑफिसबाहेर, असा जुना नियम आहे. रॅन्समवेअरच्या काळात त्यात एक पोटनियम घालायला हवा : निदान एक प्रत संगणकाला जोडलेली नसावी. बाहेरची हार्ड डिस्क वर्षभर यूएसबीला लटकवून ठेवणाऱ्यांचा बॅकअप मूळ फायलींसोबतच कुलूपबंद होतो. लॉकी सामायिक फोल्डरप्रमाणेच जोडलेल्या ड्राइव्हवरही तुटून पडायचं. डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, काढून कपाटात ठेवावी. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत आणून पाहावी. हे शेवटचं काम सरकारात तर सोडाच, खासगी कंपन्यांतही राहून जातं.

मोबाइलवर अटॅचमेंटचं नवं रूप म्हणजे एपीके फाइल. 'शादी का कार्ड', 'आरटीओ चलान' अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येते, बहुधा ज्याचा फोन आधीच गेला आहे अशा नातेवाइकाच्याच नंबरवरून. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फोन 'अनोळखी स्रोतावरून अ‍ॅप बसवू का' असं विचारू लागला तर ती पत्रिका नव्हे. एकदा बसलं की ते अ‍ॅप एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर पळवतं. मध्य प्रदेश पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सेफ क्लिक' नावाची जनजागृती मोहीम काढली. असल्या मोहिमा हव्यात, पण पोस्टर वाचून सावध होणारा माणूस घाईत नसतो. फसणारा घाईत असतो.

चुकून उघडलंच, तर नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा. बॅकअपची डिस्क त्या यंत्राला लावू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. जितक्या लवकर, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. संगणक साफ करण्याची मोफत साधनं केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतात. खंडणी भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर आपल्या रॅन्समवेअरची किल्ली आहे का ते पाहावं. नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांनी खासगी कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ते सुरू केलं. सगळ्यांची किल्ली तिथे नाही, काहींची आहे.

संस्थांना तर कळवण्यावाचून पर्यायच नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. पण तो लक्षात येणार कुणामुळे? ज्याने बटण दाबलं त्याच्यामुळे. तोच पहिला साक्षीदार असतो आणि तोच सर्वांत जास्त घाबरलेला असतो. नोटीस निघेल, वेतनवाढ अडेल या भीतीने तो संगणक बंद करून घरी जातो, आणि रात्रभरात नेटवर्कवरची बाकीची यंत्रं जातात.

म्हणून जिल्हाधिकारी, मुख्याधिकारी, बँकेचे व्यवस्थापक, शाळांचे मुख्याध्यापक, जे कुणी हा अंक वाचत असतील त्यांना विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून कार्यालय उघडेल त्या दिवशी एक ओळीचा लेखी आदेश काढा : संशयास्पद अटॅचमेंट उघडल्याचं तासाभरात स्वतःहून सांगणाऱ्या कर्मचाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. खाली तुमची सही करा, आणि ज्याला फोन करायचा त्याचा नंबर लिहा.